ठाकुर्लीची वाफ, कसाऱ्याची वीज

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत आजही रेल्वेचा रूळ नाही. संस्थान होते तेव्हाही नव्हता. आमच्या साखरशेतसारख्या गावातल्या माणसाला गाडी पकडायची तर एका अंगाला डहाणू नाहीतर पालघर गाठावे लागते, दुसऱ्या अंगाला मोखाडा, खोडाळा करत कसारा. कसाऱ्याच्या बाजूला उतरले की थळ घाट लागतो. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी इंजिने तिथे दिसतात. डोक्यावर तार, तारेला टेकलेली चौकट, धूर नाही की राख नाही. आमच्याकडचे म्हातारे लोक अजूनही ‘आगगाडी’च म्हणतात, पण त्या शब्दातली आग या घाटात 1930 मध्ये विझली. त्या वर्षी कल्याण ते इगतपुरी हा मार्ग विजेवर आला.

विझली म्हणणेही पुरते खरे नाही. घाटातली आग उचलून खाली ठाकुर्लीला नेऊन ठेवली होती, इतकेच. गाडी विजेवर चालू लागली. पण ती वीज कोळसा जाळून, पाण्याची वाफ करून आणि त्या वाफेने जनित्र फिरवून काढलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जी.आय.पी. रेल्वेने त्यासाठी ठाकुर्लीजवळ, चोळे गावाच्या हद्दीत, स्वतःचे वीजघर बांधले. चोळा पॉवर हाऊस या नावाने ते पुढे साठ वर्षांच्या आसपास ओळखले गेले. आज तिथे ते नाही. त्याच्या विजेवर घाट चढलेले इंजिन मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात रंग देऊन उभे आहे. काय ठेवायचे आणि काय मोडीत घालायचे हे कसे ठरते, या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले.

जगात वाफेवरची जुनी जनित्रे जिथे जपून ठेवली आहेत, तिथे पुष्कळदा जवळ नदी असते. हा योगायोग नव्हे. वाफेचे वीजघर कोळशावर चालते असे आपण म्हणतो, पण कोळशाइतकेच ते पाण्यावर चालते. बॉयलरमध्ये पाणी लागते ते थोडे. खरी तहान असते ती कंडेन्सरची. इंजिनातून किंवा टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे, म्हणजे तिथे निर्वात पोकळी तयार होते आणि मागून येणारी वाफ अधिक जोराने ओढली जाते. हे थंड करण्याचे काम नदी, खाडी किंवा समुद्र करतो. म्हणून वीजघरे पाण्याच्या काठी उभी राहिली, आणि त्यांचे दिवस संपल्यावर त्यांच्या जागी काठावरची बाग, संग्रहालय किंवा नाट्यगृह झाले. लंडनमध्ये टेम्सच्या काठचे बँकसाइड वीजघर 2000 मध्ये टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय झाले. ज्या दालनात टर्बाइने होती त्याला आजही ‘टर्बाइन हॉल’च म्हणतात. तिथे टर्बाइन नाही, पण नाव ठेवले आहे. आपल्याकडे नावसुद्धा राहायला पुष्कळ नशीब लागते.

या यंत्राची मूळ कल्पना अगदी साधी. भाताच्या भांड्यावरचे झाकण उकळी आली की थडथडते. ते थडथडणे एका नळकांड्यात कोंडून दट्ट्याला पुढेमागे करायला लावले की झाले वाफेचे इंजिन. दट्ट्याच्या येण्याजाण्याचे फिरणे करायचे, त्या फिरण्याला मोठे जड चाक जोडायचे म्हणजे झटके मोडतात, आणि चाकावरून पट्टा घेऊन डायनामो फिरवायचा. डायनामोत तारांची वेटोळी चुंबकाच्या क्षेत्रात फिरतात आणि तारेत वीज वाहू लागते. पुढे एडिसनने पट्टा काढून टाकला आणि इंजिन व डायनामो एकाच दांड्यावर जोडले. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर 4 सप्टेंबर 1882 रोजी त्याचे वीजघर सुरू झाले, त्यात असे जोडयंत्र होते. एकेकाचे वजन सुमारे 27 टन. त्या वेळी अमेरिकेत गाजत असलेल्या सर्कशीतल्या हत्तीवरून या यंत्रांना ‘जंबो’ नाव पडले. 1890 च्या जानेवारीत त्या वीजघराला आग लागली. तीतून वाचलेला 9 क्रमांकाचा जंबो आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. आगीतून वाचलेले यंत्र एखाद्याने भंगारात घातले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी ठेवले.

दुसरे पाऊल चार्ल्स पार्सन्सचे. 1884 मध्ये त्याने दट्ट्याच काढून टाकला. वाफ थेट पात्यांच्या चाकावर सोडायची, चाक फिरेल आणि त्याच दांड्यावरचे जनित्रही फिरेल. त्याचे पहिले यंत्र साडेसात किलोवॅटचे, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या पिठाच्या गिरणीच्या मोटरीएवढे, पण मिनिटाला 18,000 फेरे घेणारे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ते आहे. आज कोळशावर, अणूवर किंवा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जगातल्या बहुतेक मोठ्या वीजघरांत त्याच कल्पनेची नातवंडे-पतवंडे फिरत असतात. अणुभट्टी म्हटले की फार नवे वाटते. शेवटी तीही पाणीच उकळते.

आता मुंबई. पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, 1882 मध्ये, क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने ते काम घेतले होते. ही कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. इतिहासाच्या पुस्तकांत ‘मुंबईत 1882 मध्ये वीज आली’ असे एक वाक्य असते. ती आली आणि गेली, हे दुसरे वाक्य बहुतेक ठिकाणी गळते. मला हे दुसरे वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते. तंत्र आले म्हणजे ते रुजले असे होत नाही. त्याला कायमचे गिऱ्हाईक लागते.

ते गिऱ्हाईक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाले आणि ते होते ट्राम. मुंबईत 9 मे 1874 पासून घोड्यांच्या ट्राम चालत होत्या. कंपनीच्या तबेल्यात सुमारे 900 घोडे होते, म्हणजे गाडी एका जागी आणि तिचे इंधन, गवत, चंदी, लीद, नालबंद, सगळा पसारा दुसऱ्या जागी. 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, स्थापन झाली. त्याच वर्षी वाडीबंदरला तिचे वाफेचे वीजघर सुरू झाले. क्षमता 4,300 किलोवॅट. 7 मे 1907 रोजी विजेची पहिली ट्राम धावली. वाडीबंदर जागा म्हणून अगदी चपखल होती. कोळसा उतरायला बंदर, माल हलवायला रेल्वे आणि थंडाव्याला समुद्र. 1912 मध्ये माझगावच्या अंगाला कुसारा येथे दुसरे वीजघर झाले. घोडे गेले आणि अश्वशक्ती आली. जेम्स वॉटने आपल्या इंजिनाची ताकद खाणमालकांना समजावी म्हणून घोड्याचे माप काढले होते. मुंबईच्या रस्त्यावर ते माप शब्दशः खरे ठरले.

वाफेचे हे राज्य मुंबईत फार टिकले नाही. त्याला हटवले सह्याद्रीतल्या पावसाने. घाटमाथ्यावरचे पाणी साठवून कोकणात सोडायचे आणि त्या पडण्यातून वीज काढायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदाने मांडली आणि जमशेदजी टाटांनी उचलली. 1904 मध्ये जमशेदजी गेले. 1910 मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी नोंदवली गेली आणि 8 फेब्रुवारी 1915 रोजी खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून खाली आले. या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या. तोवर प्रत्येक गिरणीत स्वतःचे बॉयलर, स्वतःचे इंजिन आणि स्वतःचे धुराडे होते. गिरणगावचे जे आकाश आपण जुन्या छायाचित्रांत पाहतो ते या धुराड्यांचे. टाटांची वीज आल्यावर एकेका गिरणीतले वाफेचे इंजिन थांबले. 1925 पर्यंत बेस्टनेही स्वतः वीज करणे सोडून टाटांची वीज घ्यायला सुरुवात केली होती. वाडीबंदर आणि कुसारा यांचे वीजघर म्हणून असलेले आयुष्य इतके थोडे.

इथे थोडे थांबायला हवे. पाण्याची वीज स्वच्छ, कोळशाची काळी, असा सरळ हिशेब आजकाल मांडला जातो. तो मांडणाऱ्याने 1921 ते 1924 मधला मुळशीचा सत्याग्रह आठवावा. टाटांच्या तिसऱ्या योजनेसाठी निळा आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरले आणि मावळ्यांच्या भातजमिनी त्याखाली जाणार हे उघड झाले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, पुष्कळजण तुरुंगात गेले आणि शेवटी धरण झाले. 1927 मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. धरणाविरुद्धचा हा जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक मानला जातो. वाफेच्या वीजघराला धुराडे लागते, कोळसा लागतो, राख टाकायला जागा लागते. पण त्यासाठी अख्खे खोरे बुडवावे लागत नाही. त्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते, कोळशाच्या खाणीत आणि बॉयलरच्या तोंडाशी. कोणती किंमत कोणी मोजली हे न विचारता विजेचा इतिहास लिहिला तर तो फक्त किलोवॅटचा इतिहास होतो.

जी.आय.पी. रेल्वेची पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. तारेतला दाब 1500 व्होल्ट, एकदिश प्रवाहाचा. उपनगरात गाडी चालवणे वेगळे आणि घाट चढवणे वेगळे. भोर आणि थळ या दोन्ही घाटांत चढ 37 फुटांना एक फूट असा आहे. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. रुळावर लोखंडी चाक फिरताना तो भयंकर असतो. भोर घाट 1863 मध्ये आणि थळ घाट 1865 मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी खुला झाला. पुढची साठ-पासष्ट वर्षे घाटातली वाहतूक म्हणजे पुढे एक, मागे एक किंवा दोन इंजिने, बोगद्यात कोंडणारा धूर आणि फावड्याने कोळसा ओढून घामाने भिजलेला फायरमन. चढावर वाफेच्या इंजिनाची अडचण अशी की त्याला आपली शक्ती तिथल्या तिथे, आपल्याच पोटातल्या बॉयलरमध्ये तयार करावी लागते. बॉयलर मोठा केला तर वजन वाढते, वजन वाढले तर चढ अवघड होतो. विजेच्या इंजिनाचा बॉयलर मात्र मैलोनमैल दूर असतो. तो केवढाही मोठा करा, घाटात त्याचे वजन येत नाही.

तो दूरचा बॉयलर म्हणजे चोळा. जागा निवडली ती कल्याणजवळची, आणि नकाशा पाहिला की तिचे शहाणपण दिसते. कल्याणला जी.आय.पी.चे दोन फाटे होतात, एक भोर घाटाने पुण्याकडे आणि दुसरा थळ घाटाने इगतपुरीकडे. दोन्ही घाटांना वीज पुरवायची तर मध्ये बसावे. कोळसा स्वतःच्याच रुळांवरून येणार. पाण्यासाठी उल्हासचे खोरे. टाटांची पाण्याची वीज हाताशी असताना रेल्वेने वाफेचा मार्ग धरला, यात मला स्वावलंबनाचा हट्टही दिसतो. ज्याच्याकडे कोळशाच्या वाघिणी आहेत आणि ज्याचा सगळा कामगारवर्ग वाफेवर वाढलेला आहे, तो बॉयलरवर जितका विश्वास ठेवील तितका पावसावर ठेवणार नाही.

याच उल्हास खोऱ्यात आणखी एक गंमत आहे. टाटांचे भिवपुरीचे वीजघर 1922 मध्ये सुरू झाले. ते चालते आंद्रा नदीच्या पाण्यावर. आंद्रा मूळची देशावरची, तिचे पाणी इंद्रायणी-भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे. धरणाने ते अडवले, डोंगरातून कोकणात सोडले, चाक फिरवून झाल्यावर ते उल्हास नदीत पडू लागले. ऐन उन्हाळ्यात, शेजारच्या नद्या कोरड्या ठणठणीत असताना, उल्हासला जे पाणी दिसते त्यात हा वाटा मोठा आहे. कर्जत-बदलापूरपासून खालच्या सगळ्या शहरांची तहान त्यावर भागते. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या अंगाला पडत्या पाण्याची वीज आणि खालच्या अंगाला वाफेची वीज, सात वर्षांच्या अंतराने. आपल्या वीजइतिहासाचे दोन अध्याय एका नदीवर वाचता येतात, आणि त्या नदीकाठी हे सांगणारी दगडी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

1929 मध्ये चोळा सुरू झाले, त्याच वर्षी पुण्यापर्यंत तारा पोचल्या. भोर घाटातले उलटफेरीचे स्टेशन, जिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे, तेही त्या सुमारास मोडीत निघाले. 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी सुरू झाली. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याच्या रचनेची जी इंजिने आली, त्यांना रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ नाव दिले. दोन्ही टोकांना लांब नाकाड, मध्ये खोली, आणि चाके फिरवणारे दांडे बाहेरच्या बाजूला वरखाली होणारे. असे इंजिन घाटात चढताना पाहिल्यावर खेकडा सोडून दुसरे कुठलेही नाव सुचू नये. परदेशात अशा इंजिनांना मगर म्हणतात. मगर न पाहिलेल्या, पण ओढ्यात हात घालून खेकडे धरलेल्या माणसाने दिलेले हे नाव मला फार आवडते. सर लेस्ली विल्सन या नावाचा खेकडा दिल्लीच्या संग्रहालयात आहे तो हाच.

चोळ्याच्या आत काय चालत असेल याची कल्पना कुठल्याही कोळशाच्या वीजघरावरून करता येते. वाघिणीतून कोळसा उतरवायचा, फोडायचा, भट्टीच्या तोंडी लावायचा. राख काढायची, थंड करायची, वाहायची. बॉयलरच्या नळ्यांत पाण्यातला चुना बसतो, तो खरवडायला ठराविक दिवसांनी बॉयलर थंड करून माणसाने आत शिरायचे. बॉयलर फुटणे म्हणजे काय हे देशाला इतके ठाऊक झाले होते की 1923 मध्ये त्यासाठी वेगळा भारतीय बॉयलर कायदा करावा लागला. नोंदणी, तपासणी, दाखला, सगळे त्यात. टर्बाइन दालन स्वच्छ, उंच, फरशी पुसलेली. बॉयलरघर काळे आणि तापलेले. पाहुण्यांना टर्बाइन दालन दाखवायचे. जगभर जिथे यंत्रे जपली आहेत तिथेही बहुधा टर्बाइन आणि जनित्र जपले आहे, भट्टी फारशी नाही. चकाकणारे ते ठेवण्याजोगे, काजळी धरलेले ते टाकण्याजोगे.

आमच्या भागाचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध तिहेरी आहे.

पहिला जळणाचा. दगडी कोळसा सर्रास मिळू लागण्यापूर्वी आणि नंतरही मुंबईच्या चुली, भट्ट्या आणि कारखाने ठाणे जिल्ह्याच्या जंगलावर पेटत होते. रुळाखालचे स्लीपर, बांधकामाचा साग आणि लाकडी कोळसा यांसाठी जंगल उतरले. सरकारने जंगल राखीव करत नेले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारी माणसे एका रात्रीत चोर ठरली. तक्रारी इतक्या झाल्या की 1885 मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. कातकरी समाजाच्या कपाळी तर कोळसाभट्टी कायमची लिहिली गेली. लाकूड रचायचे, वर पाला आणि माती लिंपायची, आत मंद आग ठेवून दिवसरात्र राखण करायची. भट्टी भडकली तर सगळ्याची राख आणि ठेकेदाराचे कर्ज डोक्यावर. ज्वाळा होऊ न देता आग सांभाळणे ही कला बॉयलरच्या फायरमनइतकीच अवघड. फायरमनला निदान पगारपत्रक होते.

दुसरा संबंध माणसांचा. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांतली घरेच्या घरे कुलूप न लावता बंद होतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, सगळ्यांतली माणसे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि वाळूच्या कामाला जातात ती होळीला, नाहीतर पार पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या घरातल्या आधीच्या पिढीनेही कल्याणच्या अंगाला भट्ट्या केल्या. ठाकुर्लीची धुराडी त्यांना दिशा दाखवायची खूण होती. आत काय होते हे त्यांना माहीत नव्हते. रात्री तिकडे दिवे असतात आणि आपल्या झापावर चिमणी असते, एवढे माहीत होते. त्या विजेने गाडी कसाऱ्याला यायची आणि कसाऱ्याहून ते पायी किंवा ट्रकच्या टपावर घरी. घरी दिवा नव्हता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये झाले आणि त्यानंतर आपल्याकडे खेडोपाडी खांब जाऊ लागले; डोंगरातल्या पाड्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. मधल्या काळात आमच्याकडचे यंत्रयुग म्हणजे पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिन. ते पुकपुक करू लागले की दोन पाडे पलीकडच्या बायकांना दळण कधी न्यायचे ते कळे.

तिसरा संबंध पाण्याचा, आणि तो आजचा आहे. वैतरणा आमची नदी. तिच्यावर 1957 मध्ये मोडकसागर झाला, पुढे वर ऊर्ध्व वैतरणा झाले आणि अलीकडे मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ 102 मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण. ऊर्ध्व वैतरणेच्या पाण्यावर 60 मेगावॅटचे वीजघर चालते आणि वीज काढून झालेले तेच पाणी खाली मुंबईच्या नळाला जाते. एका थेंबाकडून दोन कामे. धरणाच्या भिंतीच्या आजूबाजूच्या गावांत मार्च उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते. हे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

चोळ्याचे पुढे काय झाले? मुंबईला ट्रॉम्बेचे औष्णिक वीजघर 1956 मध्ये मिळाले, राज्याचे वीजजाळे मोठे होत गेले, आणि रेल्वेने स्वतःचे वीजघर चालवण्यातला हिशेब उरला नाही. यंत्रे जुनी झाली होती. ऐंशीच्या दशकात ते बंद पडले. नंतर बरीच वर्षे रिकामा सांगाडा उभा होता. ठाकुर्ली स्टेशनावरून जाणारे प्रवासी खिडकीतून त्याच्याकडे बघायचे, पुष्कळांना ते काय आहे हे ठाऊक नसायचे. मग सांगाडाही गेला. भंगाराला भाव असतो आणि जमिनीला त्याहून जास्त.

माझे म्हणणे असे नाही की सगळे वीजघर जपायला हवे होते. तसे कोणीच करत नाही. बँकसाइडच्या भिंती राहिल्या, यंत्रे गेली. पर्ल स्ट्रीटच्या यंत्रांपैकी एकच उरले. एक यंत्रसंच, एक बॉयलरचे तोंड आणि त्याच्या शेजारी ते कसे चाले हे मराठीत लिहिलेला फलक, एवढे पुरले असते. कल्याण-डोंबिवलीच्या शाळेतल्या मुलांना खाडीकाठच्या एखाद्या बागेत ते पाहता आले असते. फ्लोरा फाउंटनजवळ खणताना ट्रामचे जुने रूळ निघाले तेव्हा मुंबईकर ते पाहायला गेले, कारण रूळ म्हटले की त्यावरून आजोबा गेले असे मनात येते. जनित्रावर आजोबा बसलेले नसतात. गाडी प्रवाशाची असते, वीजघर कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते त्याच्यासाठी अर्ज करायला कोणी जात नाही. इंजिन दिल्लीला जाण्याचे आणि वीजघर भंगारात जाण्याचे कारण मला इथे दिसते.

दुसरे कारण आकाराचे. खेकडा उचलून नेता येतो. टर्बाइन त्याच्या पायाशी, पाया जमिनीशी आणि जमीन नदीशी बांधलेली असते. ते जपायचे तर जागेवरच जपावे लागते, आणि जागा जपायची म्हणजे तिथे काम केलेल्या माणसांचेही काही सांगावे लागते. ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीत चोळ्यात नोकरी केलेल्यांची कुटुंबे आहेत. पाळीचे तास, बॉयलर थंड करायची रीत, कोळशाची प्रत हातावर घेऊन ओळखण्याची खूण, हे सगळे त्यांच्या घरांत तोंडी आहे. रेल्वेच्या कचेऱ्यांत नकाशे आणि हजेरीपुस्तके असतात. एखाद्या महाविद्यालयाने दोन वर्षे विद्यार्थी लावले तर यंत्राशिवायही वीजघर पुन्हा उभे करता येईल, निदान कागदावर.

1500 व्होल्टचा तो एकदिश प्रवाहही आता राहिला नाही. मध्य रेल्वेने टप्प्याटप्प्याने तारा 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेल्या. आमच्या बाजूचा थळ घाट आधी बदलला आणि हार्बर मार्ग सर्वांत शेवटी. 9 एप्रिल 2016 च्या मध्यरात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे त्या जुन्या विजेवरची अखेरची लोकल निघाली. 91 वर्षांपूर्वी पहिली गाडी याच मार्गावर, उलट दिशेने आली होती. निरोप द्यायला रात्री लोक जमले होते, फोटो काढले गेले, गाडीला फुले होती. चोळ्यातली शेवटची भट्टी त्याच्या कितीतरी आधी थंड झाली होती.